ड्रीमकास्टचा जीव पायरसीने घेतला नाही

जुन्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रांचा, विषय निघाला की हे वाक्य येतंच: “सेगाचं ड्रीमकास्ट पायरसीने मेलं. साध्या सीडीवर गेम उतरवता येत होते, मग विकत कोण घेणार?” मला ते यंत्र मनापासून आवडतं, म्हणूनच त्याच्या मरणाचं हे कारण पटत नाही.

पळवाट होती, हे खरं. मिल-सीडी नावाच्या संगीताच्या सीडींसाठी सेगाने ठेवलेल्या सोयीतून हॅकर आत शिरले. पण कधी? 2000 सालच्या मध्यावर. तोवर जपानमध्ये ड्रीमकास्ट येऊन दीड वर्ष उलटलं होतं आणि 4 मार्च 2000 पासून तिथे प्रतिस्पर्धी सोनीचं प्लेस्टेशन 2 विकलं जात होतं. सेगाने ड्रीमकास्टचा गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं 31 जानेवारी 2001 ला. एवढ्या सहा-सात महिन्यांवर सगळं खापर कसं फोडायचं?

“घरबसल्या कुणीही फुकट घ्यायचं” हेही तितकंसं खरं नाही. मूळ डिस्क सुमारे 1 जीबीची, सीडी 700 एमबीची; मोठा गेम मावण्यासाठी त्यातले व्हिडिओ आणि आवाज कापावे लागत. 56 केच्या मोडेमवर 700 एमबी उतरवायला, लाइन एकदाही तुटली नाही तरी, अठ्ठावीस तास लागतात. वर सीडी रायटर हवा.

आणि कॉपीने कन्सोल मरत असतं तर प्लेस्टेशन आधी मेलं असतं. कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवलेली प्लेस्टेशन जगभर होती. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर प्लेस्टेशन 2 च्या कॉपी डिस्क किती मिळायच्या, ते त्या काळातल्या मुंबईकर पोरांना विचारा. तरी पहिलं प्लेस्टेशन 10 कोटींवर खपलं, दुसरं 15 कोटींवर. ड्रीमकास्ट मात्र एक कोटीच्याही आत राहिलं.

खरं दुखणं जुनं होतं. 11 मे 1995 ला लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने सॅटर्न हे ड्रीमकास्टच्या आधीचं कन्सोल “आजपासूनच दुकानात” म्हणून जाहीर केलं, किंमत 399 डॉलर. आधी सांगितलेली सप्टेंबरची तारीख धरून बसलेले गेम बनवणारे तोंडघशी पडले. माल मोजक्याच दुकानांना मिळाला. वगळलेल्यांपैकी केबी टॉइज या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीने तर पुढे सॅटर्न ठेवलंच नाही. त्याच दिवशी सोनीने प्लेस्टेशनची किंमत सांगितली: 299. माझ्या मते सेगाची पत त्या दिवशी गेली, आणि दुकानदाराचा भरवसा एकदा उडाला की पुढचं यंत्र कितीही चांगलं असो, तो हात आखडताच घेतो. मार्च 1998 ला संपलेल्या वर्षात कंपनीला 35.6 अब्ज येनचा तोटा झाला. ड्रीमकास्ट तेव्हा बाजारात आलंही नव्हतं.

पुढे इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या बड्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही गेम केला नाही. प्लेस्टेशन 2 डीव्हीडी लावायचं, पहिल्या प्लेस्टेशनचे गेमही चालवायचं, त्यामुळे लोक त्याचीच वाट पाहत थांबले. सेगाने किंमत 199 वरून 149 डॉलरवर आणली, पण तोटा सोसायला तिजोरीत काही उरलंच नव्हतं.

शेवटी अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे सुमारे 85 अब्ज येनचे शेअर कंपनीला देऊन टाकले. 16 मार्च 2001 ला ते वारले. त्याच महिन्याअखेर ड्रीमकास्टचं उत्पादन थांबलं.