मेकॉलेचं ‘ते’ भाषण झालंच नाही
‘भारतभर फिरलो, पण एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही,’ असं भारतातल्या इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कर्ता ब्रिटिश अधिकारी मेकॉले २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत म्हणाल्याचा मजकूर पुन्हा फिरतोय. साफ खोटं. तेव्हा स्वारी लंडनला नव्हतीच. जून १८३४ मध्ये मद्रासला उतरलेला हा गृहस्थ १८३८ पर्यंत इथेच होता, कलकत्त्याला, गव्हर्नर-जनरलच्या सल्लागार मंडळात (कौन्सिलात). तारीख खरी आहे, पण ती त्याच्या शिक्षणविषयक टिपणाची, आणि त्यात हे वाक्य नाही. भारतावरचं त्याचं गाजलेलं संसदीय भाषण १० जुलै १८३३ चं, म्हणजे भारत पाहण्याआधीचं. टिपणात तर कौतुक औषधालाही नाही! चांगल्या युरोपीय ग्रंथालयाची एक फळी भारत-अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीची आहे, हे नाकारणारा एकही प्राच्यपंडित (पूर्वेकडच्या भाषा-साहित्याचा अभ्यासक) भेटला नाही, असं त्यात लिहिलंय. राग काढायचाच तर यावर काढा.