होणारे पाळक

परवा संध्याकाळी मी ग्राउंडवर आऊट झालो. म्हणजे झालो नव्हतो, केलं मला. टेनिस बॉल, सहा-सहा ओव्हरची मॅच, हरणाऱ्यानं सगळ्यांना थंडा पाजायचा, आणि बॉल बॅटच्या कडेला असा काही हळूच चाटून गेला की ते फक्त मला, बॅटला आणि देवाला माहीत. कीपर ओरडला. अंपायरचं लक्ष मोबाईलमध्ये होतं, त्यानं तसंच मान न उचलता नॉट आऊट दिलं. मी आपला निवांत पिच ठोकायला लागलो, ज्यानं काहीच केलेलं नाही असा माणूस पिच ठोकतो तसं.

तर कीपर मागून म्हणतो, "पाळकसाहेब, मत्तय पाच सदतीस."

तुमचं होय ते होय असावं आणि नाही ते नाही. बायबलमधलं हे वचन दोन रविवारांपूर्वी संडे स्कूलमध्ये मीच त्या आठवीतल्या कार्ट्याला पाठ करायला दिलं होतं, आणि म्हणून दाखवल्यावर बिस्किटाचा पुडा पण दिला होता, स्वतःच्या खिशातनं. बोलर चर्चमधला नाही काही नाही, पण त्याला तेवढ्यात पॉइंट कळला. "का बे, अंपायरला कशाला विचारलालास, पाळकालाच विचार की. ते काय खोटं बोलतंय काय." अख्खी फिल्डिंग माझ्या तोंडाकडं बघायला लागली. गेलो. तीन रन्स. माझा दोस्त चर्चमधला नाही, पण माझ्याच टीमला होता, तो दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

आता मुद्दा असा की मी अजून पाळक, म्हणजे चर्चचा पाद्री, झालेलोच नाही. थिऑलॉजीच्या डिग्रीचं, बी.डी.चं, चौथं आणि शेवटचं वर्ष आहे, त्यातला एक विषय अडकलाय, थिसिसचं दुसरं प्रकरण चार महिने दुसरंच आहे, दीक्षा तर लांबची गोष्ट. सध्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपला सोलापुरात आपल्याच गावी आलोय. मंडळीनं, म्हणजे चर्चच्या लोकांनी, मला एक नाव दिलंय, 'होणारे पाळक'. जबाबदाऱ्या सगळ्या पाळकाच्या, पगार होणाऱ्याचा.

शेजारचे काका मला 'फादर' म्हणतात. त्यांना दहा वेळा सांगितलं की काका, फादर कॅथलिकांचे, ते लग्न करत नाहीत, आमच्याकडं पाळक असतात, त्यांना बायकापोरं चालतात, उलट बिनलग्नाचा पाळक म्हणलं की मंडळीलाच झोप लागत नाही. काका सगळं नीट ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरं फादर, मग लग्न कधी?"

डिग्रीचं समजावून सांगणं त्याहून अवघड. आमची परीक्षा सेरामपूरची. ते बंगालमध्ये हुगळीच्या काठी. तिथले लोक त्याला श्रीरामपूर म्हणतात, त्यामुळं घरात सगळ्यांना वाटतं की पोरगं नगरच्या श्रीरामपूरला परीक्षा देतंय, आणि मामा दर वेळी म्हणतो, जाताना शिर्डीला उतरायला बरं पडतंय बघ. ते कॉलेज केरी, मार्शमन आणि वॉर्ड ह्या तिघा मिशनऱ्यांनी १८१८ साली काढलं. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात, म्हणून डिग्री द्यायची सनद १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं दिली. म्हणजे माणूस सोलापूरचा, शिकतो पुण्यात, पेपर बंगालचा आणि परवानगी डेन्मार्कच्या राजाची, आणि एवढी सगळी माणसं कामाला लागून शेवटी माझं हिब्रू राहिलं. त्यातला केरी मूळचा जोडे शिवणारा, ते काम करता करता लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला, मग इकडं येऊन १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, १८१० ला मराठीची डिक्शनरी. मला पंख्याखाली बसून जमेना.

हिब्रू उजवीकडून डावीकडं लिहितात हे एकवेळ ठीक, त्याचं काही नाही. पण बायबलचं पहिलंच वाक्य आहे 'बेरेशीथ बारा एलोहीम'. प्रारंभी देवानं उत्पन्न केलं. ह्यात 'बारा' म्हणजे उत्पन्न केलं. पहिल्या दिवशी सरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणलं, वाजले. चार वर्षांत आमच्या वर्गानं हिब्रूत केलेला हा एकच विनोद आणि तोच भविष्यवाणीसारखा खरा ठरला. पुढं क्रियापदं. जुन्या व्याकरणात रूपं पाठ करायला जे नमुन्याचं क्रियापद देतात ते 'कातल', म्हणजे ठार मारणं. त्यानं मारलं, तिनं मारलं, तू मारलंस, मी मारलं. हे मी रात्री गच्चीवर फेऱ्या मारत मोठमोठ्यानं पाठ करत होतो तर वरच्या गल्लीतला तोच दोस्त (उर्दू शाळेतला) भिंतीवरनं डोकावला, "का बे, कुणाचा कतल करलालास?" मी म्हणलं हिब्रू आहे. तो म्हणे, "हिब्रू कुठलं, हे आमचंच आहे की." आणि अर्थ न सांगता त्याला कळला होता! मला तो कळायला एक सेमिस्टर गेलं. ग्रीक त्या मानानं प्रामाणिक भाषा. तिथं नमुन्याचं क्रियापद 'लुओ', म्हणजे मी सोडतो, आणि बरीच पोरं तिथंच सोडतात.

पण हिब्रू-ग्रीकचं एक आहे, ती पुस्तकात असतात, मिटलं की बंद. घरभेटी बंद होत नाहीत.

इंटर्नशिपमध्ये चाळीस घरभेटी करायच्या आणि एका वहीत लिहायच्या. रकाने आहेत. तारीख, कुटुंब, हजर व्यक्ती, चर्चेचा विषय, पाळकीय निरीक्षण. सुरुवातीला मी मन लावून लिहायचो, 'कुटुंबाने दुःखाच्या अर्थाविषयी प्रश्न उपस्थित केला' वगैरे. आता लिहितो, गुडघे. दुसऱ्या घरी, सून. तिसऱ्या घरी, गुडघे आणि सून. आणि प्रत्येक घरी चहा. आमच्या पाळकसाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की चहाला नाही म्हणायचं नाही, माणसं महिनाभर बोलून दाखवतात. सोलापूरचा मे महिना, बाहेर त्रेचाळीस, आत पत्रा, दुपारी चारची वेळ, आणि समोर वाफ निघणारा चहा, वर साय. एका दुपारी सात कप झाले. सातव्या घरी मला स्वर्गाचं दार उघडं दिसलं असं मी वहीत लिहिलं असतं पण रकाना नव्हता.

घरभेटीचं टाइमटेबल बायबलवर चालत नाही, नळावर चालतं. उजनी धरण भरलेलं असो नाहीतर तळाला गेलेलं, आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येणार, आणि ज्या गल्लीला येणार तिथं त्या दिवशी देवदूत आला तरी त्याला म्हणतील, जरा हंडा धरा. मी हे शिकलो ते असं. एका घरी पोराच्या नोकरीसाठी प्रार्थना सांगितली होती. सगळे गोल उभे, डोळे मिटलेले, मी सुरू केलं, "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या," आणि मोरीतल्या नळानं फुस्स केलं. हवा. पाणी यायच्या आधी येते ती. मी पुढं गेलो. पायांचा आवाज आला, मग बादलीचा, मग मोटर लावल्याचा, आणि मोटरच्या आवाजात मी आवाज चढवून त्या पोराला रेल्वेत, बँकेत, जिथं जमेल तिथं लावून टाक म्हणून विनवत होतो. आमेन म्हणून डोळे उघडले तर समोर दोन वर्षांचं एक बाळ आणि दारात एक शेळी. ज्याच्या नोकरीसाठी चाललं होतं तो पाइप धरून उभा. मग काय, शर्टच्या बाह्या वर केल्या आणि अकरा घागरी आत नेऊन ठेवल्या. त्या घरात माझं नाव जे झालंय म्हणता, आजपर्यंत दिलेल्या एकाही संदेशानं, म्हणजे प्रवचनानं, झालं नव्हतं. "आधीच्या इंटर्ननं कधी घागरीला हात लावला नाही." वहीत चर्चेचा विषय: पाणी.

आणि प्रार्थना कुठं कुठं सांगतील ह्याला धरबंध नाही. नवीन गाडी, नवीन फ्रीज, दहावीचं हॉलतिकीट, पोराच्या वाढदिवसाचा केक. केकच्या वेळी मी जरा लांबलो तर मेणबत्ती वितळून 'हॅपी'तला 'हॅ' गेला आणि ते पोरगं अजून माझ्याकडं खुन्नसनं बघतं. एकांनी तर बोअर मारायच्या आधी बोलावलं. मी मनापासून प्रार्थना केली, मशीन सुरू झालं, साडेचारशे फुटांपर्यंत नुसती धूळ. पांढरी. सगळ्या गल्लीवर बसली. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या आठवड्यात त्यांनीच दुसऱ्या जागी बोअर मारली तेव्हा मला बोलावलं नाही, आणि तिथं पाणी लागलं.

जेवणाचं तर विचारूच नका. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की शंभर माणसं भुकेल्या नजरेनं माझ्याकडं बघणार. मी ताटावर आहे ह्याची कुणाला फिकीर नाही. मित्रांबरोबर हायवेवरच्या ढाब्यावर गेलो तरी तेच, मटणाचा रस्सा आला, भाकरी आली, मी चुरायला हात घातला तर टेबलवरचे सगळे थांबलेले. त्यात दोघं तर चर्चचे पण नाहीत. "असू दे की, आहेस तर म्हण."

मध्येच अंगरख्याचं सांगतो. उपासनेत घालायला पांढरा पायघोळ झगा लागतो, तो शिवायला टाकला. आता सोलापूर म्हणजे युनिफॉर्मचं गाव, इथनं शाळांचे युनिफॉर्म कुठं कुठं जातात, कारागीर एक नंबर. टेलरनं माप घेता घेता पेन कानामागनं काढलं आणि विचारलं, "कुठली शाळा?" मी समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं, मान हलवली, आणि आठ दिवसांनी जे दिलं त्याला छातीवर डाव्या बाजूला खिसा, खिशावर बॅज लावायला पट्टी, आणि खाली चार बोटं दाब सोडलेला, पोरगं वाढेल म्हणून. तो घालून गेल्या रविवारी पहिला संदेश दिला. लाइट गेली, इन्व्हर्टरवर दोनच पंखे आणि दोन्ही गायकवृंदावर. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये विसाव्या अध्यायात एक तरुण आहे, पौल बोलत राहिला म्हणून खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरनं पडला. आमचं चर्च तळमजल्यावर आहे एवढंच. तेवीस मिनिटं बोललो, घामानं ती बॅजची पट्टी सुद्धा भिजली, आणि बाहेर पडताना एक काका हात हातात घेऊन म्हणाले, "सलाम. आवाज चांगला आहे."

काल चाळिसावी भेट होती. विडी घरकुलाकडं एक आज्जी राहते, घरात तेलुगू, चर्चमध्ये मराठी, रागावली की दोन्ही. आयुष्यभर विड्या वळल्या, आता दिसत नाही नीट म्हणून सोडलं, पण सूप अजून भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि बोलता बोलता तिच्या अंगठ्याचं आणि पहिल्या दोन बोटांचं काम चालूच असतं, नसलेलं पान वळायचं, टोक दुमडायचं, पुढचं. तिचं गुडघ्याचं झालं. सुनेचं झालं. मी वही काढली तर म्हणाली ठेव ते, जेव. ताट आलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर तेल, कांदा फोडलेला. चहा नव्हता! मला भरून आलं. सवयीनं मी उभा राहून घसा खाकरला तर आज्जी म्हणाली, "बस. सारखं तूच कशाला. आज मी करते."

आणि तिनं सुरू केलं. बापा, हे पोरगं तुझ्या कामाला निघालंय, त्याला अक्कल दे. ते हिब्रू का काय आहे त्याचं, ते एकदाचं निघू दे, त्याची आई माझ्यापाशी रडती. त्याला चहा नको असतो पण तोंड उघडून म्हणत नाही, त्याला तोंड दे. तेवीस मिनिटं बोलतो ते कमी कर. त्याला बायको दे, पाण्याच्या दिवशी घरात असणारी दे. आणि बापा, चेंडू लागला तरी लागला नाही म्हणून उभा राहतो, माझ्या नातवानं सांगितलंय मला सगळं, ती खोड मोड त्याची.

कीपर तिचा नातू, हे मला त्या क्षणी कळलं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा असणार, कारण हसू दाबल्याचा आवाज आला. आज्जी मामाच्या गुडघ्यावर गेली, तिथनं पावसावर, तिथनं दिल्लीवर. भाकरीचा वास यायला लागला. मी एक डोळा, अगदी एकच, किंचित उघडला. चटणीच्या तेलाकडं एक मुंगी निघाली होती, सरळ रेषेत, घाई नाही. आज्जीची बोटं अजून वळत होती. मी डावा हात हळूच ताटाकडं सरकवला.

"डोळे मीट बे," आज्जी म्हणाली, तिचे मिटलेलेच होते, आणि पुढं सुरू झाली.