पुस्तकं देताय, मग आधी विचारा तरी

आज ८ सप्टेंबर, साक्षरता दिन. आमच्या वाडीतल्या शाळेत एका प्रकाशन संस्थेचा पुस्तकदानाचा कार्यक्रम झाला. संस्थेचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. दुपारी घरी आले तर जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

मुंबईहून दोन गाड्या आल्या होत्या. पडवीत फ्लेक्स लावला: साक्षरता, विविधता, शाश्वतता. अकरा खोके उतरवले. मुलांना अंगणात रांगेनं उभं करून प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं. आधी फोटो, मग व्हिडिओ, तो नीट आला नाही म्हणून पुन्हा एकदा. पाऊस उघडलाय, ऊन चटचटत होतं, पहिलीतली दोन पोरं तर खालीच बसली. भाषणात पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर आले, १८३२ चं 'दर्पण' आलं. मग पुस्तकं गोळा होऊन परत खोक्यात गेली. गुरुजींनी पोचपावतीवर सही-शिक्का दिला आणि गाड्या गेल्या.

त्यानंतर मी आणि गुरुजींनी खोके उघडले. स्पर्धा परीक्षांची जुनी गाइडं. शेअर बाजारावरच्या एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती. मधुमेहींचा आहार. मुलांची म्हणावीत अशी मोजून एकोणीस, त्यातली सहा इंग्रजी. आणि प्रत्येक पुस्तकाला प्लॅस्टिकचं वेष्टन. शाळेचा पट चौतीस आहे, पहिली ते सातवी. त्यांनी यातलं काय वाचायचं, सांगा मला.

गोडाऊन रिकामं करायचं होतं तर रद्दीवाल्याला बोलवायचं. आमच्या मुलांना रांगेत कशाला उभं केलंत?

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ती रापणीची गोष्ट मी सांगितलीय, तरी आज परत सांगते, कारण सकाळपासून डोक्यात तीच आहे.

तीन वर्षांपूर्वी मी चालवते त्या वाचनालयात चौथीतली एक मुलगी यायची. बाबा होडीवर, आई बाजारात मासे विकते. पोरगी हुशार, पण पुस्तक घेतलं की दोन पानांत मिटायची. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे ना, २०१५ पासूनचं, त्यावर गोष्टी खुल्या परवान्यानं ठेवलेल्या असतात. मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून कुणीही भाषांतर करावं, छापावं, वाटावं. तिथली समुद्रावरची एक गोष्ट मी घेतली, मालवणीत केली, शाळेच्या प्रिंटरवर काळी-पांढरी काढली आणि गोधडीच्या दोऱ्यानं शिवली. सोळा पानं. ती तिनं घरी नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दारात हजर. "काकी, आजी म्हणता हयसर चुकला हा." माझ्या गोष्टीत माणसं किनाऱ्यावरून जाळं ओढत होती. मी आपलं 'जाळा' लिहिलं होतं. "आजी म्हणता, जाळा खयचा? सगळी मिळान वढतत ती रापण." सातव्या पानावर 'जाळा' खोडून वर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं: रापण. कागदाला मासळीचा वास, आणि कोपऱ्यावर तेलकट बोटाचा ठसा.

आजीला अक्षर येत नाही. बँकेत अंगठा लावते. तिनं नातीकडून ती गोष्ट रात्री चार वेळा वाचून घेतली आणि चौथ्या वेळी चूक पकडली. तरुणपणी तिनं स्वतः रापणीचा दोर ओढलाय, वाट्याची मासळी पदरात घेऊन घरी आलीय. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकात असं काही आलं, जे तिला पुस्तक लिहिणारणीपेक्षा जास्त कळत होतं.

फ्लेक्सवरच्या विविधतेचा याहून वेगळा अर्थ मला तरी माहीत नाही. मुखपृष्ठावर चार रंगांची मुलं काढली की झाली विविधता? मालवणी, संगमेश्वरी, दाल्दी, कातकरी, किती बोलींत मुलांचं पुस्तक निघालंय? रायगडातलं कातकरी पोर पहिलीत येतं तेव्हा बाईंची भाषाच त्याला परकी असते. त्याच्या बोलीत निदान एक पुस्तक काढा, दहा पानांचं का होईना.

हो, प्रकाशकांची बाजू मला माहीत आहे. मराठी पुस्तकाची हजाराची आवृत्ती खपता खपत नाही, बोलीतलं पुस्तक घेणार कोण? मान्य. पण पाचशे किलोमीटर दोन गाड्या आणल्या, फ्लेक्स केला, व्हिडिओवाला आणला, त्या पैशांत सोळा पानांच्या गोष्टीच्या किती प्रती निघाल्या असत्या?

आणि शाश्वतता! गाड्यांचं डिझेल जाळून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कुणी वाचणार नाही असा कागद आणून टाकायचा आणि त्याला शाश्वत म्हणायचं. २०२० साली संयुक्त राष्ट्रं आणि आंतरराष्ट्रीय प्रकाशक संघटना यांनी मिळून प्रकाशकांसाठी शाश्वत विकासाचा करारनामा काढला. आजचे पाहुणे त्याबद्दल भरभरून बोलले. ते बोलत असताना माझ्या मनात फक्त आमचा पाऊस होता. चार महिने भिंती ओल्या. मी कपाटात वेखंड ठेवते, कडुलिंबाचा पाला ठेवते, दसरा झाला की एकेक पुस्तक उन्हाला लावते, तरी दरवर्षी बुरशी आणि वाळवी आपला वाटा नेतातच. चिपळूणचं वाचन मंदिर १८६४ चं, त्यानं २००५ चा पूर सोसला, २०२१ चाही सोसला. कोकणात पुस्तक टिकवायचं तर जमिनीपासून हातभर उंच लोखंडी कपाट लागतं. अकरा खोक्यांऐवजी एक कपाट दिलं असतंत तर मी तुमचे पाय धरले असते.

आज ते खोके वर्गाच्या कोपऱ्यात जमिनीवरच आहेत. गुरुजी म्हणाले, "स्टॉक रजिस्टरला चढल्याशिवाय वाटता येत नाहीत, हरवलं तर भरपाई माझ्याकडून." त्यांचंही खोटं नाही. मग ते कुलूप लावणार, वाळवी खालून येणार. पोचपावती मात्र तिकडे अहवालात छापून येईल.

सगळेच असे नाहीत, एवढं लिहायलाच हवं. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकांची गाडी कुठे लागली की पोरं दहा-वीस रुपये घेऊन धावतात, स्वतः निवडून घेतात. प्रथम बुक्स याच दिवशी एकच गोष्ट देशभर वाचायला देतं आणि हजारो माणसं आपापल्या गावात ती आपापल्या भाषेत वाचून दाखवतात. त्यात खोके नाहीत की पोचपावती नाही. मुलं मध्ये बसलेली आणि एक माणूस वाचणारा.

आणि आम्ही काही हात पसरून बसलेलो नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे. कोकणात माणसं वर्गणी भरून वाचत आलीयत. माझ्याकडे आजही मासे विकून आलेली बाई ओल्या हातानं वर्गणीचे पैसे देते आणि हात पुसून मगच पुस्तक घेते. आम्हाला दान नकोय, आम्हाला विचारा. एक फोन करा, मी दहा पुस्तकांची यादी देते. रजिस्टर्ड बुक पोस्ट २०२४ च्या डिसेंबरात बंद झालं हे खरं, पण २०२५ च्या १ मेपासून पुस्तकांसाठी टपालखात्याचं ज्ञान पोस्ट आहे, पाच किलोचं पार्सल शंभरेक रुपयांत येतं. पोस्टमन वाडीत सायकल घेऊन येतो. त्याच्या हातचं पार्सल फोडायला मुलं कशी झडप घालतात ते बघायचं असेल तर या, राहायला माझं घर आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. आलेल्यातली दोन तरुण मुलं खरंच चांगली होती. एकानं जाताना हळूच विचारलं, "मॅडम, तुम्हाला नेमकी कुठली पुस्तकं हवी होती?" नंबर दिलाय त्याला. बघू.

ती मुलगी आता सातवीत आहे. आज तीही रांगेत होती, हातात शेअर बाजाराचं पुस्तक. कार्यक्रम संपल्यावर बाजूला आली आणि म्हणाली, "काकी, ती रापणीची गोष्ट आसा अजून? माझ्या धाकट्या भावाक व्हयी."

आहे. पेन्सिलीच्या अक्षरासकट आहे. गुरुजींचा प्रिंटर शाईविना बंद पडलाय, तेव्हा उद्या मालवणला जाऊन शाई आणते. चार प्रती काढते. सातव्या पानावर 'रापण' आता मूळ अक्षरातच घालीन.