दहापैकी किती दुखतंय?

आज लिहायचं नव्हतं. पण सकाळपासून डोकं तापलंय, लिहून मोकळी झाले तर रात्री झोप तरी लागेल.

शेजारच्या काकूंना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते. पित्ताशयात खडे आहेत. आरोग्य कार्डावर खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं, ‘आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक’ या सरकारी योजनेचा नियमच तसा आहे. त्याबद्दल काही म्हणणं नाही. खिडकीवरच्या माणसानं काय होतंय म्हणून विचारलं, काकू सांगायला लागल्या, तर त्यानं पेन खाली ठेवलं. “कन्नडदल्ली हेळ्री.” म्हणजे कन्नडमध्ये सांगा.

काकू मूळच्या बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या. त्यांना कन्नड येतं, बाजारात मेथीच्या जुडीचा भाव करण्याइतकं. जेवल्यावर तासाभरानं बरगडीखालनं कळ निघते आणि पाठीत जाते, हे सांगण्याइतकं नाही येत. आणि तो माणूस मराठी न समजणारा असता तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. पलीकडच्या बाईंशी डब्यात काय आणलंय ते तो चक्क मराठीत बोलत होता. आपल्या कानानं ऐकलंय.

काकू मला हळूच म्हणाल्या, “जाऊ दे गे, कुणाला तरी घेऊन परत येऊया.” आपल्याच गावात, आपल्याच दुखण्यासाठी.

आता माझ्या हाताची गोष्ट. निम्म्या जणांनी ऐकलीय, तरी परत सांगणार. गेल्या हिवाळ्यात लेकीकडं इंग्लंडला गेले होते, तेव्हा दाराबाहेरच्या ओल्या पायरीवरनं घसरले आणि मनगट मोडलं. तिथल्या इमर्जन्सीत, म्हणजे ‘ए अँड ई’त, बसून बसून कंबर गेली. भिंतीवरच्या पडद्यावर किती तास थांबावं लागेल ते दाखवत होते आणि तो आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढतच होता! शेवटी नर्सनं आत घेतलं. लेक शेजारी उभी, तिचं इंग्रजी फर्डं. तरी नर्स म्हणाली, घरच्या माणसानं मध्ये बोलायला नको, कोणती भाषा पाहिजे? मी म्हटलं, मराठी. तिनं कुठंतरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर माझ्या सुजलेल्या हाताशेजारी ठेवला. पलीकडून एक बाई म्हणाल्या, “नमस्कार ताई, दहापैकी किती दुखतंय सांगा.”

मी सात म्हटलं. खरं तर नऊ होतं, पण परक्या बाईपुढं किती रडायचं. त्या ‘ताई’वर मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि लेकीला वाटलं दुखण्यानं.

मी कोण होते तिथं? व्हिजिटर. टॅक्स भरला नाही, मत दिलं नाही. तरी भाषा विचारली ती मला नीट समजून घ्यायला.

लगेच कुणी म्हणेल, तिकडं काय बाई, सगळं फुकट! कसलं फुकट? लेक-जावयाला व्हिसा काढताना माणशी वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरावा लागला, तोही जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकरकमी. फेब्रुवारी २०२४ च्या आधी तो ६२४ होता. वर पगारातनं टॅक्स जातो तो वेगळाच. माझ्यासारख्या व्हिजिटरला इमर्जन्सीतले उपचार फुकट, पण पुढं फ्रॅक्चर क्लिनिकला बोलावलं की बिल, आणि तेही त्यांच्या ठरलेल्या दराच्या दीडपट. पासपोर्ट, व्हिसा, सगळं बघून घेतलं. इन्शुरन्स होता म्हणून निभावलं.

आणि हो, आपल्याकडं हाडाचा डॉक्टर त्याच संध्याकाळी भेटतो, हे मान्य. तिकडं साध्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन धरून बसायचं. जावयाचं कानाचं दुखणं स्पेशालिस्टपर्यंत पोचता पोचता आपोआप बरं झालं.

पण पैसे मागितले तरी पेन खाली ठेवलं नाही कुणी. माझा मुद्दा एवढाच आहे.

आपलं सीमाभागातलं दुखणं वेगळंच. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, लगेच कर्नाटकाचा आक्षेप. आपल्या खानापूरकडचे लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जायचे, तर २०१८ पासून तिथंही गोव्याबाहेरच्यांना पैसे पडतात. का पडू नयेत, त्यांचं राज्य आहे, म्हणा. मग आम्ही कुणाचे? मतदान इथं, घरपट्टी इथं, आणि पोटातली कळ सांगायला दुभाषा आपला आपण शोधायचा? जिथं पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं ठरून किती काळ लोटला. इथं औषधाच्या खिडकीवरची पाटीसुद्धा काकूंना वाचता येत नाही.

कन्नडवर माझा राग नाही हं, उगाच भांडण लावू नका. आज शेवटी काकूंना हाताला धरून आत नेलं ते एका कन्नड नर्सनंच. तिकडची असावी, बागलकोट-विजापूरकडची, बोलण्यावरनं वाटलं. मराठी चार शब्द येत होते तिला. “आजी, इथं? की इथं?” करत स्वतःच्या पोटावर बोट ठेवून विचारत होती. काकू मान हलवत होत्या. पाच मिनिटांत काम झालं. तिला कुठल्या सर्क्युलरची गरज लागली नाही, मग त्या खिडकीवरच्याला काय धाड भरली होती? आणि नर्स चांगली भेटली तर भेटली, नाहीतर घरी जा, हा काय कारभार झाला?

परदेशी निघालेल्यांनी इन्शुरन्स काढल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नका. जुनं बीपी-शुगर त्यात धरलंय का, ते बारीक अक्षरातलं चष्मा लावून वाचा. गोळ्यांबरोबर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी ठेवा.

आणि ‘एवढं कौतुक आहे तर तिकडंच राहायचं’ अशी कॉमेंट लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांना आधीच सांगते. व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांच्या वर ठेवून घेत नाहीत. आणि जास्त मुदतीच्या व्हिसाची सोय झालीच, तर ते वर्षाचे १,०३५ पौंड कोण भरणार, तू?