चपला बाहेर, कॉम्प्युटर आत

सर, आधी अभिनंदन. कॉम्प्युटर लॅबचा चार्ज तुमच्याकडे आला, म्हणजे तुम्ही गणित शिकवत असणार, नाहीतर पीटी; आणि मोबाइलला स्क्रीनगार्ड स्वतः लावत असणार. बेळगाव-खानापूरकडच्या मराठी शाळेत एवढी पात्रता पुरते. आता मुलांना डिजिटल साक्षर कसं करायचं, ते ऐका.

मुख्य गोष्ट किल्ली. ती तुमच्याच खिशात हवी, आणि बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला मीटिंगला जाताना आठवणीने सोबत न्यायची. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले मॉनिटर टिकवायचे तर त्यांना जुन्या साडीचे अभ्रे शिवून घ्या. चपला दाराबाहेर. खंडेनवमीला मात्र हात आखडू नका: प्रत्येक मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदकुंकू. (त्यानंतर एंटरचं बटण अडकतं. असू दे की, ते दाबतंय कोण?) मुलांनी रांगेत यायचं, नमस्कार करायचा आणि पुढे सरकायचं. हेस्कॉम या वीज कंपनीने करंट काढला आणि यूपीएस कुईं-कुईं करायला लागला, की तास संपला.

तास घ्यायचाच झाला तर फळ्यावर घ्या. सुरुवात कॉम्प्युटरच्या फुलफॉर्मने. ‘कॉमन ऑपरेटिंग मशीन...’ पुढचं तुम्हाला पाठ असेलच. हा फुलफॉर्म कुणीतरी मागाहून जुळवलेला आहे. मूळ शब्द हिशेब करणाऱ्याचा. इलेक्ट्रॉनिक यंत्रं येण्याआधी तीनेकशे वर्षं हिशेबनीस माणसालाच इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत. पण तुम्ही एवढ्या खोलात शिरू नका. फुलफॉर्म वहीत आहे, वही तपासलेली आहे, खाली तुमची सही आहे. मुलांना आयुष्यातला पहिला खोटा फॉरवर्ड शाळेतूनच मिळावा, बाहेरून का?

इंटरनेटची सुरक्षितता एका वाक्यात उरकता येते: ‘कुलपाचं चित्र दिसलं की साइट खरी.’ खरं तर ते कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी तुमचा मजकूर वाचणार नाही. पलीकडे कोण बसलंय, ते सांगत नाही. चोरही स्वतःच्या घराला कुलूप लावतोच. साइटचा पत्ता सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि मागून पुढे वाचायचा, हे तर मुळीच शिकवू नका. नाहीतर स्कॉलरशिपची लिंक आली की पोरं शेवट बघणार: ‘गव्ह डॉट इन’ने संपते ती सरकारी, आणि ‘कर्नाटक-गव्ह-इन-स्कॉलरशिप डॉट एक्सवायझेड’ ही कुणाची तरी दुकानदारी. शेजारच्या उर्दू शाळेतली मुलं हे चटकन उचलतील, त्यांना उजवीकडून वाचायची सवय आहे. मग आपली मुलं मागे पडली म्हणून एसडीएमसी या शाळा समितीच्या बैठकीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. तसंच यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हेही बोलू नका. घरात आईचा फोन पोरंच चालवतात. ‘कॅशबॅक घ्यायला पिन टाका’ असं कुणी म्हटलं आणि पोराने फोन ठेवून दिला, तर आपण मोठे कशाला?

सर्चिंग शिकवताना विशेष जपा. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी. मुलांनी एकदा ‘बेळगाव’ लिहून शोधलं, मग ‘बेळगावी’ लिहून, आणि कन्नड येतंच म्हणून तिसऱ्यांदा कन्नड लिपीत, तर तीन वेगळ्या याद्या येतील. एकीत 1 नोव्हेंबर म्हणजे मराठी भाषकांचा काळा दिवस, दुसरीत कर्नाटकाच्या स्थापनेचा राज्योत्सव. एकीत सीमाप्रश्नावरचा 1967 चा महाजन अहवाल म्हणजे अन्याय, दुसरीत तोच शेवटचा शब्द. 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला महाराष्ट्राचा दावासुद्धा एकीकडे आशा असतो आणि दुसरीकडे उपद्रव. म्हणजे यंत्राला ज्या शब्दांत विचारावं तसंच ते उत्तर देतं, हे सातवीतल्या पोरालाही अर्ध्या तासात कळेल. एवढ्या स्वस्तात असा धडा पुण्यामुंबईच्या शाळांना मिळत नाही, कारण त्यांच्याकडे सीमा नाही. म्हणूनच तो टाळा. मुलाने घरी जाऊन ‘बाबा, तुम्ही कुठल्या शब्दाने शोधलंत?’ असं विचारलं, की पालकसभा तुमच्या अंगावर येणार.

वर्गात एखादी मुलगी अशी असतेच, जी घरी मराठी बोलते, बाजारात कन्नड बोलते आणि इंग्रजी पेपरही अडखळत का होईना वाचते. कालचा मोर्चा मराठी पेपरात विराट असतो आणि कन्नड पेपरात तुरळक. ती दोन्ही शेजारी ठेवून फोटोतली डोकी मोजू शकते. तिच्या या विद्येचा योग्य उपयोग एकच: कन्नडमधून आलेलं परिपत्रक तिच्याकडून वाचून घ्यायचं आणि तिला जागेवर बसवायचं.

व्हॉट्सअॅपचा विषय अभ्यासक्रमाबाहेरचा समजा. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना आणि आपल्या बीदर जिल्ह्यात एका इंजिनिअरला, मुलं पळवणारे समजून, जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत फिरणारा एक व्हिडिओ कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. पळवलेलं मूल परत आणून सोडतात तो शेवट तेवढा कापलेला. त्यानंतर भारतात फॉरवर्ड एका वेळी पाच ठिकाणांवर आलं, आणि 2020 पासून दोन बाणांचा, म्हणजे फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. परीक्षेला यातलं काही येत नाही.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरेल, इकडे मराठी भाषकांच्या महामेळाव्याची हाक येईल, सीमेवर कोगनोळीला पोलिस उभे राहतील. तुमच्या फोनवर दोन बाणांचा व्हिडिओ येईल: आपल्या एसटीला काळं फासताहेत, खाली ‘आत्ताच, शेअर करा.’ रक्त तापलेलं असेल, तर तो वर्गातही दाखवा. तीच मुलगी उभी राहील. ‘सर, सगळ्यांच्या हातात छत्र्या आहेत की. डिसेंबरात?’

उत्तर देऊ नका. तिला खडूची पेटी आणायला ऑफिसात पाठवा. एकेक करून सगळ्या ग्रुपना पाठवायला तेवढा वेळ लागतोच.