थॅलेट तोडणारे जिवाणू पन्नी खात नाहीत

नागपूरच्या नाग नदीवरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय: 'ऑक्सिजनशिवाय प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडले. त्यांची पावडर नदीत टाका, प्लास्टिक संपेल. मग पन्नीबंदी कशाला?' ऑक्सिजनशिवाय काम करणारे असे जिवाणू खरंच आहेत. पण ते प्लास्टिक खात नाहीत.

पीव्हीसी मुळात कडक असतं. ते लवचिक व्हावं म्हणून त्यात थॅलेट मिसळतात. थॅलेट प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, त्यामुळे रेक्झिन, बागेची नळी, वायरचं वेष्टण यांतून ते झिरपत राहतं आणि सांडपाण्यात येतं. जिवाणू तोडतात ते हे थॅलेट. पीव्हीसी तसंच राहतं. पन्नी तर पॉलिथिनची, तिला थॅलेट लागतच नाही. महाराष्ट्रातल्या 2018 च्या पन्नीबंदीशी या जिवाणूंचा काहीही संबंध नाही.

'ऑक्सिजनशिवाय' म्हणजे कशाहीशिवाय, असंही नाही. थॉएरा, अ‍ॅझोआर्कस यांच्यासारखे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. जिथे नायट्रेटही नसतं, तिथे हे काम मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या सोबतीने चालतं. काम अवघड आहे. आधी थॅलेटच्या बाजूच्या साखळ्या तुटतात, मग उरलेल्या थॅलिक आम्लाला कोएन्झाइम-ए हा पेशीतला मदतनीस रेणू जोडला जातो. त्यातून बनणारा रेणू इतका अस्थिर की काही मिनिटांतच आपोआप मोडतो. तो मोडण्याआधी त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकावा लागतो, म्हणून जिवाणू त्यासाठीचं विकर (एन्झाइम) प्रचंड प्रमाणात बनवून ठेवतात. पुढे बेन्झिनचं कडं फुटतं. मला यातलं हे सगळ्यात विलक्षण वाटतं.

आता पावडर. वाहत्या नदीत टाकलेले जिवाणू टिकत नाहीत. आधीच तिथे रुळलेल्यांपुढे ते मागे पडतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. नागचं पाणी कन्हानमध्ये, कन्हानचं वैनगंगेत, आणि तिथून गोसीखुर्द धरणात पोचतं. हे जिवाणू उपयोगी पडतात ते सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत. तिथे गाळ थांबतो आणि त्यांना वेळ मिळतो. तिथेही डीईएचपीसारखी लांब साखळीची थॅलेटं गाळाला चिकटून बसतात आणि फार सावकाश तुटतात.

नागपूरच्या भांडेवाडी केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जातं, गाळ मात्र मागे उरतो. महापालिकेकडे मागणी करायचीच असेल, तर त्या गाळात किती थॅलेट आहे हे नियमित तपासून आकडे जाहीर करा, ही करावी.