धनुष्य मोडायचं आहे, पण रामाकडूनच

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं. त्या ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन म्हणतो, नटराजाला हार घालतो, भाषणं ऐकतो. पण त्या नाटकातलं धनुष्य कुणी बनवलं असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचं सीता स्वयंवर बसवायचं ठरलं आणि ‘तुमचं अक्षर चांगलं आहे’ एवढ्या एका पुराव्यावर कपडेपट, मुकुट, दाढ्या, शस्त्रं असं सगळं माझ्या गळ्यात पडलं. तेव्हापासून मी सांगलीच्या त्या कारागिराला मनातल्या मनात नमस्कार करतो.

भाव्यांच्या पाठीशी सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन होते. माझ्या पाठीशी आमचे खजिनदार होते. त्यांनी ‘नाटक’ या खात्यावर दीड हजार रुपये मंजूर केले आणि वर ‘पावत्या जपून ठेवा’ असं बजावलं. त्याच बैठकीत आरतीनंतरच्या अल्पोपाहाराला किती मंजूर झाले ते इथं लिहीत नाही. मला याच सोसायटीत राहायचं आहे.

आधी सरळ ड्रेपरीवाल्याकडे गेलो. एका पात्राचे एका दिवसाचे चारशे, अनामत वेगळी, मुकुटाचा मोती गळला तर त्याचे आणखी वेगळे. घासाघीस करून पाहिली, पण गणपतीच्या दिवसांत पुण्यात गल्लीगणिक एक राम उभा असतो, त्यामुळे तो माणूस मान वर करूनही बघेना. शिवाय त्याच्याकडचे राम सगळे मोठ्या मापाचे, आमचा राम चौथीतला. हे बैठकीत सांगितल्यावर रावणाची आई म्हणाली, “त्यात काय, घरीच करू या!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘घरीच’ म्हणजे कुणाच्या घरी, हे अशा वेळी लगेच विचारून घ्यावं. टाळ्या थांबल्यावर विचारलं तर उत्तर मिळत नाही.

मी एक तोडगा सुचवलाही होता. कोकणातल्या दशावतारात एक लाकडी बाकडं ठेवलं की राजाचा दरबार तयार होतो, नट आपला रंग आपणच लावतो, सगळा कपडेपट पेटाऱ्यात मावतो. आपणही तसंच करावं. यावर आमचे दिग्दर्शक म्हणाले ते मात्र खरं होतं. दशावतारातला राजा बोलायला लागला की त्या बाकड्याचं सिंहासन होतं, आमच्या जनकाला ‘वत्सा’ म्हणतानाच हसू फुटतं. त्याच्याखाली खुर्ची तरी भक्कम पाहिजे. मग तळमजल्यावरच्या आजींची आरामखुर्ची आणली. खुर्चीसोबत आजीही आल्या. तालीम संपेपर्यंत त्या शेजारी स्टुलावर बसून राहायच्या आणि जनक जरा रेलला की म्हणायच्या, “हळू रे बाळा, ह्यांची आहे ती.”

कपड्यांचं त्या मानाने पटकन निभावलं. कुणाच्या आजोबांचं सोवळं रामाला अर्ध्यात दुमडून नेसवलं, लक्ष्मणाला बहिणीची ओढणी उपरणं म्हणून दिली. सीतेच्या शालूवरून दोन विंगांमध्ये जे झालं त्यात मी पडलो नाही.

मुकुटांसाठी बोहरी आळीत गेलो. सोनेरी कार्डशीट, लेस, टिकल्या, कुंदनाचे खोटे खडे असं घेता घेता दुकानदाराने बेरीज केली आणि मी निम्म्या वस्तू हळूच परत फडताळाकडे सरकवल्या. सोनं मग मिठाईच्या खोक्यांतून काढलं. खोकं आतून सोनेरी असतं हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. उलटं करून कापलं की मुकुट चकाकतो, फक्त आतल्या बाजूला ‘२४ तासांच्या आत खावे’ हा शिक्का राहतो. केकखालचा गोल सोनेरी पुठ्ठा तर देवादिकांसाठीच बनवलेला असतो, प्रभावळीला अगदी माप. पिस्त्याची टरफलं लाल नेलपॉलिशने रंगवली की माणकं होतात. मात्र टरफलं मिळवायला पिस्ते खावे लागतात आणि पिस्त्यांची पावती खजिनदार घेत नाहीत.

विश्वामित्राची दाढी क्रेपची करायची तर क्रेप आणि ती चिकटवायचा स्पिरिट गम दोन्ही महाग. मी सुतळी उलगडली, पिंजली आणि कापडी पट्टीवर शिवून मागे इलॅस्टिक लावलं. दिसायला झकास. पण सुतळी टोचते. विश्वामित्र दर दोन वाक्यांनी हनुवटी खाजवायचा आणि त्याचा आवाज आपोआप चढायचा. दिग्दर्शक खूश होते, ‘कोप अगदी आतून येतोय’ म्हणाले.

खरी परीक्षा रावणाची. दहा तोंडांतलं एक मुलाचं स्वतःचं, ते फुकट. राहिली नऊ. पूर्वी हे काम थर्माकोलने तासाभरात झालं असतं, पण २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि आमच्यासारख्यांची कला कागदाच्या लगद्यावर आली. फुगे फुगवले, त्यांवर मैद्याच्या खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या थरावर थर चिकटवल्या. खळीत मोरचूद घालायची युक्ती जुन्या बाइंडरांची, त्याने झुरळं आणि कसर दूर राहते. एवढं मला ठाऊक होतं. मोरचूद पावसाचं काही करू शकत नाही हेही ठाऊक होतं, पण गणपती पावसाळ्यातच येतात. पुण्यातल्या भिजट ऑगस्टमध्ये कागदाचा लगदा वाळत नाही, तो नुसता मवाळ होतो. आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली दोरीवर नऊ राक्षस लोंबत होते आणि त्यांच्या गालावर अजून लोकसभेच्या निकालाच्या बातम्या दिसत होत्या. बायको रोज हेअर ड्रायर घेऊन एकेकाचं तोंड शेकायची. दूधवाला आठवडाभर दूध बाहेरच ठेवून गेला.

डोकी वाळली, रंगली, मिशा आल्या, तेव्हा लक्षात आली ती गोष्ट चित्रकारांना कधी भोगावी लागत नाही. दहा ही सम संख्या आहे. मधे खरं डोकं ठेवलं तर एका बाजूला चार येतात आणि दुसऱ्या बाजूला पाच. कॅलेंडरवर याने काही बिघडत नाही, पण तिसरीतल्या मुलाच्या खांद्यांवर आडवी पट्टी बांधली की लंकाधिपती डावीकडे कलतो. एक डोकं कमी करा, असं खजिनदारांनी सुचवलं. नऊ तोंडांचा रावण चालणार नाही म्हणून तळमजल्याच्या आजींनी व्हेटो वापरला. शेवटी चारांच्या बाजूच्या टोकाच्या डोक्यात आतून टॉर्चचे जुने जाडे सेल चिकटपट्टीने बसवले. पट्टी समतोल झाली. फक्त रावणाने मान हलवली की त्या डोक्यातून खुळखुळ आवाज यायचा. तो विचारमग्न आहे असं आम्ही ठरवून टाकलं.

आणि मग धनुष्य. रावणाने धनुष्य उचलायच्या आधीच ते मोडलं आणि जनकाला काहीतरी थाप मारावी लागली, ही गोष्ट महाराष्ट्रात नाटकाशी संबंध नसलेल्यालाही माहीत असते. प्रत्येकाच्या गावात ती घडलेली असते आणि सांगणारा स्वतः पहिल्या रांगेत बसलेला असतो. त्यामुळे लोक स्वयंवर बघायला येतात ते मनात तीच आशा धरून. तेव्हा माझ्यापुढचा प्रश्न असा, की रामाच्या हातात चटकन मोडेल आणि रावणाच्या हातात काही केल्या मोडणार नाही, असं धनुष्य हवं.

बांबू आधी बाद झाला. बुरुड आळीतून चांगली कामट्यांची जुडी आणली होती, पण बांबू मोडत नाही, उभा चिरतो आणि त्याच्या कुसळी बोटांत शिरतात. मग क विंगमध्ये एका फ्लॅटचं काम चाललं होतं तिथून वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे मिळाले. सरळ पाइप नुसता तापवून वाकवला तर मधेच चेपतो. त्यात वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद केली आणि मग गॅसवर दुरून फिरवत तापवला, तर छान गोलाई घेतो. ही विद्या प्लंबरने चहाच्या मोबदल्यात शिकवली. प्रेशर कुकरभोवती वाकवून मी धनुष्याचे दोन बाक तयार केले. खिडक्या सताड उघड्या ठेवूनही वास दोन मजले वर गेला.

दोन्ही अर्ध्यांच्या तोंडांत एम-सील भरून खडूच्या जाडीचं भोक ठेवलं आणि मधे फळ्यावरचा खडू बसवला. जोर लावला की खडू ‘टक्’ करून तुटतो, हळुवार हाताळला तर टिकतो. पण रावणाला हळुवारपणा सांगून उपयोग नव्हता. तेव्हा सांध्यावर पाइपचाच एक जाडा कपलर चढवला आणि सोनेरी कागद लावून त्याची मूठ केली. मूठ सांध्यावर असेपर्यंत धनुष्य अभेद्य. मूठ चार बोटं बाजूला सरकवली की खडू उघडा. ठरलं असं, की रावण हरून गेल्यावर जनकाने शिवधनुष्याला वाकून नमस्कार करायचा आणि तेवढ्यात मूठ सरकवायची. भक्तीच्या आडून यंत्र चालवायचं ही कल्पना माझी. अजूनही मला ती उत्तम वाटते. खडूचा ‘टक्’ मागच्या रांगेपर्यंत जाणार नाही म्हणून पडद्यामागे एक मोठा पत्रा टांगला. तो हलवला की विजेचा कडकडाट होतो, ही नाटकवाल्यांची जुनी सोय.

प्रयोगाच्या दिवशी पाऊस थांबला होता. रावणाने मिशीला पीळ दिला, पिळाबरोबर मिशी हातात आली, ती त्याने शेजारच्या डोक्याला चिकटवली आणि पुढे चालू लागला. धनुष्य उचललं. प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर आले, मोबाइल वर झाले. कपलर इमानाला जागला. धनुष्य छातीवर घेऊन रावण रीतसर पडला, त्याच्या डोक्यातले सेल खुळखुळले आणि पहिल्या रांगेतल्या काही जणांची निराशा मला विंगेतून स्पष्ट दिसली.

आता रावणाने लाजेने निघून जायचं होतं. पण आमच्या विंगेची फट तीन फुटांची आणि रावणाची रुंदी चारच्या वर. तालमी डोक्यांशिवाय झाल्या होत्या. दोनदा आपटून झाल्यावर तो समंजसपणे परत आला आणि मंचाच्या कोपऱ्यात बसला. इकडे विश्वामित्राच्या दाढीचं इलॅस्टिक तुटलं, जनकाने आरामखुर्चीतून ते पाहिलं, आणि त्याला जे हसू फुटलं त्यात नमस्कार वाहून गेला. मूठ जागच्या जागी.

राम पुढे आला. धनुष्य उचललं, ओढलं. माझं वाकवण्याचं काम इतकं चांगलं उतरलं होतं की पाइप वाकत गेला, वाकत गेला, दोन्ही टोकं जवळ येऊन भिडायला आली, पण मोडेना. पत्रेवाल्याला वाटलं झालं, त्याने कडकडाट केला. सीता हार घेऊन निघाली, धनुष्य शाबूत बघून परत फिरली. राम तोंडातल्या तोंडात “काका, काका” म्हणत विंगेकडे बघत होता. मी मूठ, मूठ म्हणून खुणा करत होतो. प्रेक्षकांना त्या दिसत होत्या, रामाला नाही.

तेव्हा कोपऱ्यातून रावण उठला. पाइप वाकवताना तो माझ्या स्वयंपाकघरात कुकर धरून उभा होता, त्याला यंत्राची खडानखडा माहिती. दहाही डोकी सांभाळत तो भर दरबारात रामापाशी आला, सोनेरी मूठ चार बोटं सरकवली, “आता मोड” म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. धनुष्य टक् करून मोडलं. पत्र्याचा कडकडाट आधीच होऊन गेला होता, त्यामुळे तो टक् मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. टाळ्या इतक्या पडल्या की सीतेला हार घालायचं सुचेना. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला दोघांनी विचारलं, “रावणाची मदत घेतात ते कुठल्या रामायणात आहे हो?” मी म्हटलं, “खर्च कमी असलेल्या.”

हिशेब दिला. दीड हजारांवर गेलेले पैसे खजिनदारांनी ‘देणगी’ म्हणून माझ्या नावावर दाखवले आणि वार्षिक सभेत आभार मानले. आरामखुर्ची आजींकडे परत गेली, ओढण्या आणि सोवळं ज्यांचं त्यांना मिळालं. धनुष्य क विंगवाल्यांनी पडद्याच्या रॉडसाठी मागून नेलं.

डोकी मात्र कुणी नेईना. ओला कचरा म्हणावा तर वर ऑइलपेंट, सुका म्हणावा तर आत मैदा. घंटागाडीवाल्या दादांनी एक उचलून हातात फिरवलं, नाकाशी नेलं, आत बघितलं. ते सेलवालं होतं, सेल काढायचा राहून गेला होता. दादांनी ते कचऱ्यात टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली तेव्हा पुढच्या जाळीवर, एका डोळ्याच्या टेडी बेअरच्या शेजारी, सुतळीने रावण बांधलेला होता. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की तो खुळखुळायचा. ते ऐकून बायको गॅलरीतून म्हणाली, “त्यांना विचार, अजून आठ आहेत म्हणावं.”